रातांबा लावताना: नर-मादीचा हिशेब आणि मृगाची घाई

रातांब्याची, म्हणजे कोकमाची, बी रुजत घातली, रोप जगवलं, सात-आठ वर्षं राखलं आणि पहिल्यांदा फुलं आल्यावर कळलं की झाड नर आहे. कोकणातल्या कितीतरी परसांत हे घडलेलं आहे. झाड हिरवंगार, डौलदार, पण त्याला फळ कधीच धरणार नाही. आणि ज्यांचं झाड मादी निघालं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची फळं पिकतात ऐन जूनच्या पावसात. साल वाळवायला ऊन नाही, म्हणून झाडाखाली सडा पडून सगळं कुजून जातं.

म्हणून नव्याने लावणाऱ्याने दोनच प्रश्न आधी विचारावेत: झाड मादी आहे का, आणि फळ मृगाच्या आधी हाती येतं का? खत, पाणी, छाटणी हे सगळं त्यानंतरचं. या दोन गोष्टी चुकल्या तर पुढची मेहनत भरून निघत नाही.

झाड ओळखायचं कसं

शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. मूळ घर सह्याद्रीचा पश्चिम उतार: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, गोवा आणि खाली कर्नाटक-केरळपर्यंत. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही आहे. कोकणात फळाला रातांबा म्हणतात, वाळवलेल्या सालीला आमसूल किंवा सोल. गोव्यात फळ भिरंड आणि वाळलेली साल सोलां. घाटावर सगळ्यालाच कोकम म्हणण्याची रीत आहे, पण रोपवाटिकेत किंवा बाजारात बोलताना फळ हवं की साल हे नीट सांगावं, नाहीतर घोटाळा होतो.

झाड सदाहरित. मोकळं वाढलं तर १० ते १५ मीटर उंच जातं आणि लांबून शंकूसारखं दिसतं: खाली घेर, वर निमुळतं, फांद्या टोकाला किंचित झुकलेल्या. पान गर्द हिरवं, वरून चकचकीत, खालून फिकट. कोवळी पालवी तांबूस. पान चावलं तर आंबट लागतं. फळ लिंबाएवढं ते लहान सफरचंदाएवढं, आधी हिरवं, मग लाल, शेवटी काळपट जांभळं. आत पांढऱ्या गरात पाच ते आठ बिया. केरळातल्या माशाच्या कालवणात पडणारी कुडमपुळी ही याची बहीण, पण वेगळी जात आहे. तिचं फळ पिवळं आणि भोपळ्यासारखं खाचा असलेलं असतं. तिचं रोप कोकम म्हणून घेऊ नका.

नर, मादी आणि फुलातला फरक

बीपासून झालेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. पान, खोड, वाढ यांवरून ते आधी ओळखता येत नाही. कोणी पानावरून सांगतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. खात्री फुलावरच.

फुलं नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत येतात. पानाच्या बगलेत आणि फांदीच्या टोकाला बारीक, जाडसर, चार पाकळ्यांची, फिकट पिवळी-गुलाबी फुलं दिसतात. एक फूल तोडून तळहातावर घ्या आणि पाकळ्या बोटाने बाजूला सारा. मध्ये आखूड पुंकेसरांचा गच्च गड्डा असेल आणि त्यात हिरवी गोळी कुठेच नसेल, तर फूल नर. नर झाडावर अशी फुलं झुबक्याने येतात. मध्ये मिरीच्या दाण्यासारखी गोल हिरवी गोळी असेल आणि तिच्या डोक्यावर चिकट, कंगोरेदार टोपी असेल, तर फूल मादी. ही गोळी म्हणजेच उद्याचा रातांबा. मादीची फुलं एकेकटी किंवा दोन-चारच असतात. काही झाडांवर गोळी आणि भरपूर पुंकेसर दोन्ही एकाच फुलात सापडतात, म्हणजे ती उभयलिंगी. एका फुलावर निकाल देऊ नका. झाडाच्या चारही बाजूंची दहा-बारा फुलं पाहा.

परसात आधीपासून असलेल्या झाडाचं काय करायचं हे या पाहणीनंतर ठरवा. नर झाड लगेच तोडू नये. मादीला फळ धरायला जवळपास नर लागतोच. बागेत दहा झाडांमागे एक नर पुरतो आणि तो कोपऱ्यात न ठेवता मधे विखुरलेला असावा. ज्या गावात डोंगरात, बांधावर रातांबे आपोआप वाढलेले आहेत तिथे एकट्या मादीलाही फळ धरतं, कारण नर आसपास असतोच. पण वसाहतीतल्या अंगणात, शहराच्या कडेला एकच मादी कलम लावलं तर ते फुलून रिकामं राहू शकतं. तिथे एक नर कलम सोबत लावा, नाहीतर मादीच्याच एका फांदीवर नराची काडी, म्हणजे कलमासाठी कापलेली फांदी, बांधून घ्या.

नर जास्त झाले असतील तर बुंधा कापून येणाऱ्या नव्या फुटव्यांवर मादीची काडी बांधता येते. हे काम हाताला सवय असलेल्या कलमकाराचंच.

कलम घेताना काय पाहायचं

बीचं रोप स्वस्त असतं, पण फळ यायला सात-आठ वर्षं लागतात आणि निम्मी जोखीम वर. मृदुकाष्ठ कलम, म्हणजे बीच्या रोपाच्या कोवळ्या खोडावर चांगल्या झाडाची काडी बांधून केलेलं कलम, चौथ्या-पाचव्या वर्षी धरायला लागतं आणि ज्या झाडाची काडी आहे त्याच गुणाचं फळ देतं. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने दोन जाती दिल्या आहेत. १९९७ ची कोकण अमृता: फळ मध्यम, सुमारे ३४ ग्रॅमचं, साल जाड, आणि मुख्य म्हणजे फळ पावसाआधी हाती येतं. २००६ ची कोकण हातीस: फळ बरंच मोठं, सुमारे ९१ ग्रॅमचं. आमसूल करायचं असेल तर आमचा कल कोकण अमृताकडे, कारण सुकवायला ऊन मिळालं नाही तर फळाच्या आकाराचा काही उपयोग नाही. सरबत आणि आगळ (मीठ घालून काढलेला रातांब्याचा रस) हेच करायचं असेल तर मोठं फळ कामाचं. कापायला, बिया काढायला वेळ कमी लागतो.

विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतून घ्या, पावतीवर जातीचं नाव लिहून घ्या, आणि प्रत्यक्ष रोप असं तपासा:

कलमाचा सांधा बोटाने हलवून बघा. तो एकजीव असावा; फट, काळपट डाग किंवा गाठीसारखी फुगवटी नको. सांध्यावर प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर ती काढून टाकायला सांगा. ती तशीच राहिली की खोड जाड होताना पट्टी आत रुतते आणि वर्षा-दोन वर्षांत रोप तिथेच मोडतं.

काडी उभ्या फांदीची आहे की आडव्या, हे पाहा. नवखे लोक इथेच फसतात. रातांब्याला दोन प्रकारच्या फांद्या असतात: सरळ वर जाणारा शेंडा आणि बाजूला पसरणाऱ्या फांद्या. बाजूच्या फांदीची काडी बांधली तर ते कलम आयुष्यभर फांदीसारखंच वागतं, म्हणजे आडवं पसरतं, जमिनीलगत लोळतं, त्याला खोड धरत नाही. उभ्या शेंड्याची काडी असलेलं कलम मेणबत्तीसारखं सरळ उभं असतं आणि त्याला चारही दिशांना फांद्या फुटतात. आडव्याचं कलम एका बाजूला कललेलं, पानं दोन्हीकडे एकाच पातळीत पसरलेली. काठी बांधून ते सरळ होईल असं सांगितलं जातं. तसं होत नाही.

आणि सांध्याच्या खाली कुठे फूट आहे का ते बघा. असेल तर ती खुंटाची आहे. खुंट म्हणजे बीचं रोप, त्याच्या नर-मादीचा पत्ता नाही.

जागा, खड्डा, लावणी

कोकणातली तांबडी जांभ्याची, निचऱ्याची, किंचित आम्ल जमीन याला उत्तम. डोंगरउतार, वरकस जमीन, माडा-पोफळीच्या बागेतली अर्धी सावली, सगळीकडे येतो. नको ती दोन ठिकाणं: पावसाळ्यात पाणी तुंबणारी खोलगट जागा आणि कोरडा गरम वारा लागणारा उघडा माळ. सोलापूर-मराठवाड्याच्या हवेत रोप जगवता येईलही, पण उन्हाळ्यात पानांच्या कडा करपत राहतात. तिथे व्यापारी बाग करण्याच्या फंदात पडू नये. पुण्या-नाशिकच्या अंगणात, भिंतीच्या पूर्वेला, एखादं हौसेचं झाड ठीक.

अंतर ६ बाय ६ मीटर. एकरी ११० च्या आसपास झाडं बसतात. माडाच्या जुन्या बागेत चार माडांच्या चौकात मधोमध एक रातांबा लावतात, त्याला वेगळी जागा लागत नाही.

खड्डे एप्रिल-मे महिन्यात काढून उन्हात तापू द्या. लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी ६० सेंटिमीटर. कातळ लागत असेल तर ९० सेंटिमीटरपर्यंत फोडून घ्या आणि बाहेरून माती आणून भरा. कातळात अरुंद खड्डा म्हणजे कुंडी, तिच्यात पावसाळ्यात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात मुळं भाजतात. काढताना वरची माती एका बाजूला, खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला ठेवा. भरताना वरची माती, एक ते दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र करा. खड्डा जमिनीच्या वर वीतभर उंच भरा, कारण पहिल्या दोन-तीन पावसांत माती बसते. सपाट भरलेला खड्डा जुलैत खळगा होतो आणि रोपाच्या बुडाशी पाणी राहतं. कच्चं शेण घातलं तर वाळवी येते.

लावणी मृगाचा पहिला चांगला पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजल्यावर, जूनअखेर ते जुलै. पिशवी हाताने ओढून काढू नका, पात्याने उभी चिरा. बुडाशी मुळं गोल फिरलेली असतील तर तेवढी गुंडाळी कापून टाका. ती तशीच राहिली तर झाड मोठं होऊनही मातीत पकड घेत नाही. मातीचा गड्डा न फोडता खड्ड्यात ठेवा, कलमाचा सांधा जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर राहील असं बघा, बाजूची माती पायाने दाबा, काठी रोवून सुंभाने सैल बांधा. उतारावर असाल तर खालच्या बाजूने चंद्रकोरीसारखा बांध घाला, म्हणजे खत वाहून जात नाही.

पहिली तीन वर्षं

रातांबा मोठा झाला की फारसं काही मागत नाही. पण पहिले दोन उन्हाळे तो नाजूक असतो, आणि लावलेली बरीच कलमं पहिल्या मार्च-एप्रिलमध्येच जातात. नोव्हेंबर संपला की दक्षिण आणि पश्चिम बाजूने नारळाच्या झापांचा आडोसा करा. पूर्ण झाकायचं नाही, दुपारचं ऊन अडवायचं. बुडाशी हातभर घेरात सुका पाला किंवा गवत वीतभर जाड पसरा, पण खोडापासून चार बोटं दूर. खोडाला चिकटून ओला पाला राहिला तर साल कुजते. पाणी पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा १० लिटर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा १५ लिटर. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा हे बरं, मुळं खाली जातात.

खत वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये पावसाचा जोर ओसरला की. पहिल्या वर्षी झाडाला २ किलो शेणखत, ११० ग्रॅम युरिया, १५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. दरवर्षी तेवढंच वाढवत जायचं, म्हणजे दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी तिप्पट. दहाव्या वर्षी पहिल्याच्या दहापट झालं की तिथे थांबायचं. खोडाशी टाकू नका. पानांच्या घेराखाली गोल चर काढून त्यात घाला आणि मातीने झाका.

सांध्याखालची फूट दर पंधरा दिवसांनी बघा आणि दिसली की नखाने खुडा. खुंट मुळाचा धनी असतो, त्यामुळे त्याची फूट कलमाच्या काडीपेक्षा जोमाने वाढते. एका पावसाळ्यात ती काडीला मागे टाकते, दुसऱ्यात काडी मरते. मालकाला वाटतं कलम छान वाढलं, आणि सात वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न: नर की मादी. पैसे देऊन कलम आणलं आणि हाती बीचं झाड राहिलं, असं बहुतेक वेळा या एका दुर्लक्षाने होतं.

छाटणी फार नाही. खालच्या दोन-तीन फुटांतल्या फांद्या काढून खोड मोकळं करा. झाड चार मीटरच्या आसपास गेलं की फळं काढून झाल्यावर शेंडा मारा, नाहीतर पुढे काढणीला माणूस चढवावा लागतो.

बिघाड आणि त्याची कारणं

रोग-किडींचा त्रास या झाडाला कमी आहे, पण भर पावसाळ्यात फांदीच्या बेचक्यात फिकट गुलाबी बुरशीचा थर दिसला तर दुर्लक्ष करू नका. तिच्या वरची फांदी पिवळी पडून वाळत जाते. बुरशीच्या खाली वीतभर निरोगी भागासकट फांदी कापा, कापलेल्या तोंडाला १० टक्के बोर्डो पेस्ट लावा आणि कापलेलं जाळून टाका. पेस्ट म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचा, लोखंडी बादलीत कधीच नाही. पुढच्या पावसाळ्याआधी उरलेल्या झाडावर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा.

शेंडे वाळणं बहुतेक वेळा रोग नसतो. पाणी तुंबलेलं असतं किंवा उन्हाळ्यात पाणी तुटलेलं असतं. बुडाशी हातभर खणून बघा. माती काळी, आंबूस वासाची असेल तर चर काढून पाण्याला वाट द्या.

फुलं येतात आणि फळ धरत नाही, याला तीन कारणं: झाडच नर, जवळ नर नाही, किंवा फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं गेलं. परागीकरण बारीक किडे करतात. शेजारच्या आंब्याच्या फवारणीचा वारा इकडे येत असेल तर तेवढे दिवस सांभाळून घ्या.

वानरांचा उपद्रव खरा आहे. त्याला सोपा उपाय नाही. लाल झालेली फळं झाडावर साठू न देता दर तीन-चार दिवसांनी काढत राहणं, एवढं आपल्या हातात आहे.

काढणी

एप्रिल-मे महिन्यांत फळं एकदम पिकत नाहीत, पाच-सात तोड्यांत काढावी लागतात. आमसुलासाठी पूर्ण लाल-जांभळी, पण हाताला घट्ट लागणारी फळं. हिरवट-लाल फळाच्या सालीला रंग कमी आणि आमसूल तपकिरी होतं. अति पिकलेलं मऊ फळ कापताना फाटतं, ते आगळाला ठेवा. झाडाखाली जाळी किंवा जुन्या चादरी अंथरून फांदी हलवली तर पिकलेलीच फळं पडतात. मातीत पडलेलं, फुटलेलं फळ त्याच दिवशी वेगळं करा. संध्याकाळपर्यंत ते आंबतं आणि सगळ्या ढिगाला वास लागतो.

आमसूल

फळात साल निम्मी, आणि त्या सालीतही पाचांतले चार भाग पाणी. म्हणून १० किलो रातांब्यांचं आमसूल किलो-सव्वा किलोच होतं. भांडी स्टीलची, काचेची, चिनी मातीची किंवा अन्नासाठीची प्लास्टिकची. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम नको. रातांब्याचं आम्ल धातू खातं आणि रस काळवंडतो.

१. फळं धुऊन पुसून कोरडी करा. आडवी कापून दोन वाट्या करा. गर आणि बिया एका पातेल्यात, साली वेगळ्या.

२. गराचं वजन करून किलोला १०० ग्रॅम मीठ घाला आणि हाताने कालवून ठेवा. बियांना सुटलेला हा खारट रस म्हणजे पुट देण्याचं पाणी.

३. साली पहिल्या दिवशी तशाच उन्हात, आतली बाजू वर करून, एका थरात पसरा. खाली बांबूची चटई किंवा स्वच्छ कापड. प्लास्टिकवर घातल्या तर खालून घाम धरतो.

४. संध्याकाळी अर्धवट सुकलेल्या साली त्या रसात बुडवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी निथळून पुन्हा उन्हात. हे झालं एक पुट.

५. अशी चार-पाच पुटं द्या. काही घरांत सात देतात. प्रत्येक पुटाला साल जाड, गडद आणि चकचकीत होत जाते, आणि शेवटी रस पातेल्यात उरत नाही.

६. शेवटच्या पुटानंतर दोन-तीन कडक उन्हं द्या.

तयार झालं हे बोटांना कळतं. एक आमसूल मधोमध दुमडा. ते चामड्यासारखं वाकावं आणि तुटू नये. दोन बोटांत घट्ट दाबलं तर चिकट लागावं, पण ओल सुटू नये. ओल सुटली तर बरणीत बुरशी नक्की. कडकन मोडलं तर जास्त सुकलंय. ते खराब होणार नाही, पण आमटीत भिजायला वेळ घेईल.

काही दिवसांनी बरणीतल्या आमसुलांवर पांढरं दिसलं की लोक घाबरून टाकून देतात. ओलं बोट लावा. पांढरं विरघळलं आणि खारट लागलं तर ते मीठच, वर आलेलं. कापसासारखं, वासाचं आणि पाण्याने न विरघळणारं असेल तर बुरशी. ती बरणी टाका. विकत घेताना उलटी बाजू ध्यानात ठेवा: हाताला मिठाची पूड लागेल इतकं पांढरं, जड आमसूल म्हणजे वजनासाठी मीठ मारलेलं.

मध्येच आभाळ आलं तर साली रसात बुडवून ठेवा, अर्धवट ओल्या ढिगात नाही. मिठाच्या रसात त्या दोन दिवस तग धरतात, ढिगात एका रात्रीत बुरसटतात. वाळवणी यंत्र असेल तर ५५ ते ६० अंशांवर ठेवा. त्याहून तापलं की रंग उडतो.

अमृत कोकम

सरबताचा हा पाक करायला चूल लागत नाही. १ किलो ताज्या सालीला २ किलो साखर. बरणीत तळाशी साखर, मग साली आतली बाजू वर ठेवून, पुन्हा साखर, असे थर लावा. सर्वात वर साखरच. तोंडाला फडकं बांधून सात-आठ दिवस ठेवा, रोज कोरड्या लाकडी डावाने हलवा. साखर सालीतला रस ओढून घेते आणि गडद लाल पाक सुटतो. सगळी साखर विरघळली की गाळून कोरड्या काचेच्या बाटल्यांत भरा. साखर कमी केली की आंबतो. बाटलीचं झाकण आपोआप उडालं किंवा फेस दिसला तर कारण तेच, किंवा पाण्याचा थेंब. पिताना एक भाग पाकाला पाच-सहा भाग पाणी, चिमूट मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. बाटल्या अंधारात ठेवा, उजेडाने लाल रंग तपकिरी होतो. विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या.

पाऊस आलाच तर

वेळेत काढूनही काही फळं झाडावर राहतात आणि पहिल्या सरी पडतात. या फळांचं आमसूल करायचा हट्ट धरू नका, त्यांचं आगळ करा. आगळाला ऊन लागत नाही. फळं पुसून कोरडी करा, चिरून गर-साल एकत्र बरणीत भरा आणि किलोला १५० ग्रॅम जाडं मीठ घाला. रोज एकदा ढवळा. आठ दिवसांत गडद रस सुटतो. गाळून बाटल्यांत भरा. सोलकढीला हेच लागतं: नारळाच्या दोन वाट्या जाड दुधाला चमचा-दीड चमचा आगळ, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. आगळातच मीठ असतं, म्हणून चव बघूनच वरून घाला.

गाळणीवर राहिलेल्या बिया फेकू नका. धुऊन चुलीच्या वरच्या माळ्यावर किंवा उबेला सुकवल्या, फोडल्या आणि आतला गाभा कुटून पाण्यात उकळला की तेल तरंगतं. ते काढून निवलं की थिजतं. मुठीत दाबून त्याचे गोळे करतात म्हणून त्याला मुठेल म्हणतात. किलोभर सुक्या बियांतून घरगुती पद्धतीने पाव किलोच्या आतच निघतं. हाताच्या उबेला मऊ पडतं आणि टाचांच्या भेगांना कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेच लावलं जातं.

खुंटासाठी रोपं करायची असतील तर बिया मात्र ताज्या फळातल्या घ्या, मिठातल्या नाही. गर राखेत चोळून काढा, धुवा आणि त्याच आठवड्यात पिशवीत बोटाच्या एका पेराएवढ्या खोल पेरा. जूनची ओल तिला मानवते, तीन आठवडे उलटले तरी कोंब दिसला नाही म्हणून पिशवी उकरू नका. वर्षभर डब्यात सुकवून ठेवलेली बी मात्र पेरू नका, तिची उगवण गेलेली असते.